सरासरीचा पाठलाग

इंझोरी हे वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं गाव. गाव जागचं हललेलं नाही, भोवतीच्या सीमा मात्र सारख्या हलत राहिल्या. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, १९०५ मध्ये जुना बाशीम, म्हणजे वाशिम, जिल्हा मोडीत निघाला. मग १९५० मध्ये मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशिम जिल्हा. तेच शिवार, तेच नाले, पण दर वेळी वेगळ्या प्रांताच्या सरासरीत मिसळलेले.

ही सरासरी नुसती कागदावरची बाब नाही. गरीब मुलूख कालांतराने श्रीमंत मुलखाच्या बरोबरीला येतो की दोघांतलं अंतर वाढत जातं, या प्रश्नावर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी गेली चाळीसेक वर्षं पोत्यांनी कागद खर्च केले आहेत. मोजमाप साधं दिसतं: दोन ठिकाणचं दरडोई उत्पन्न घ्यायचं, पन्नास वर्षांनी पुन्हा घ्यायचं आणि फरक पाहायचा. पण मोजायचं काय, कुणाला आणि कोणत्या सालापासून, हे ठरवताना अडचणी सुरू होतात. या तिन्ही अडचणी वऱ्हाडाच्या वाट्याला आल्या, आणि त्यातल्या दोन तर अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शिरण्यापूर्वीच.

सगळ्यात आधी मोजले गेले ते भाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. शेकडो मैलांची वाट, कित्येक आठवड्यांचा प्रवास, पावसात भिजलेला आणि धुळीने माखलेला माल. १८२५ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीने तो मुंबईच्या दिशेला वळवला, तोही बैलांवरूनच. वाहतूक इतकी महाग असल्यावर वऱ्हाडातला भाव आणि बंदरावरचा भाव यांचा एकमेकांशी फारसा संबंध राहत नाही. ज्या पोहरादेवीला बंजारा समाज आपली काशी मानतो, ती याच मानोरा तालुक्यात आहे. त्या समाजाच्या तांड्यांनी एके काळी अर्ध्या हिंदुस्थानचा माल वाहिला. तो धंदा ज्यांनी संपवला, त्या रुळांनीच भाव एकत्र बांधले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. लिव्हरपूलच्या बाजाराला अचानक वऱ्हाड आठवला. मुंबईत शेअरांचा उन्माद चढला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच उतरला. त्या उन्मादात चढून कोसळलेले कापूस-व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची कथा मुंबईकर अजून सांगतात. पैसा गेला, पण रूळ राहिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई-लंडन तारायंत्र समुद्राखालून जोडलं गेलं. आता लिव्हरपूलला भाव पडला की खामगाव-अमरावतीच्या अडत्याला त्याची बातमी लागायला काही महिने नव्हे, फार तर दिवस लागू लागले.

इंझोरीच्या शेजारच्या कारंजा लाडचं नाव शेतीमालाच्या बाजाराच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतं, ते या संदर्भात. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने तिथे भारतातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. माल कुठे उभा करायचा, वजन कुणी करायचं, दलाली किती घ्यायची याला नियम आले. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी ‘कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’ हा कायदाच झाला, आणि पुढे देशभर बाजार समित्यांचे कायदे झाले ते याच नमुन्यावरून. यात शेतकऱ्याची कणव किती होती हा प्रश्नच आहे. मँचेस्टरला स्वच्छ, निर्भेळ आणि ओळखीच्या भावाचा माल हवा होता; त्या काळच्या बाजार समित्यांवर व्यापारी आणि नगरपालिकेची माणसं बसत, कापूस पिकवणारा बसत नसे. तरी कडता (मालाच्या वजनातून धरली जाणारी कपात) आणि काट्यातली लबाडी यांना काही प्रमाणात लगाम बसला हे नाकारता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ अशी अरुंद रेल्वे धावू लागली. हीच लोकांची ‘शकुंतला’. ११३ किलोमीटरचा हा मार्ग कापूस मुख्य लायनीवर आणून टाकण्यासाठीच टाकला होता. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चालत राहिलं.

या साऱ्याचा परिणाम मोजता येतो, आणि तो मोजलाही गेला. इतिहासकार जॉन हर्ड यांनी १९७५ मध्ये १८६१ ते १९२१ या काळातले जिल्हावार धान्यभाव तपासले. रेल्वे पसरत गेली तसे निरनिराळ्या जिल्ह्यांतले भाव एकमेकांच्या जवळ येत गेले, त्यांची पांगापांग कमी झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत हे अभिसरणच. सरासरीभोवती आकडे किती विखुरले आहेत ते दर काही वर्षांनी बघायचं, विखुरणं घटलं तर मुलूख सारखे होत आहेत असं म्हणायचं.

फक्त सारखे होत होते ते भाव. खिसे नव्हेत.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडाला झोडपून काढलं. ज्या प्रांतात रूळ होते, तार होती, नियंत्रित बाजार होता, त्याच प्रांतात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. ज्वारीची बरीच जमीन कापसाखाली गेली होती. रेल्वे धान्य आणूही शकत होती, पण आलेलं धान्य विकत घ्यायला हातात पैसा लागतो, आणि मजुराची मजुरी काही तारेने येत नव्हती. त्याच वेळी सरकारी हिशोबात वऱ्हाड श्रीमंत प्रांत होता. इथला महसूल खर्च भागवून उरत असे. १९०२ मध्ये निजामाशी करार होऊन वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात हा मुलूख कायमचा इंग्रजांच्या भाडेपट्ट्यावर गेला, तो काही कुणाला दया आली म्हणून नव्हे.

माणसाचं उत्पन्न मोजण्याचा मोठा प्रयत्न तोपर्यंत एका गुजराती भाषक पारशी मुंबईकराने करून ठेवला होता. दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात प्रांतवार पिकांचे आकडे गोळा केले आणि ब्रिटिश हिंदुस्थानचं वार्षिक दरडोई उत्पन्न २० रुपये काढलं. कैद्याला तुरुंगात जेवढं खायला मिळतं त्याच्या खर्चाशी त्यांनी ते ताडून पाहिलं, आणि सर्वसामान्य रयतेला तेवढंही पुरत नाही असं दाखवलं. एका देशाची दुसऱ्याशी तुलना, आणि देशातल्या प्रांताची प्रांताशी तुलना, ही दोन्ही कामं त्यांच्या एकाच निबंधात आहेत. त्यांच्या आकड्यांवर वाद झाले, पण पद्धत टिकली.

पुढची शंभर वर्षं हे मोजमाप परदेशात घोटलं गेलं. १९५६ मध्ये रॉबर्ट सोलो यांनी वाढीचं जे प्रतिमान मांडलं त्यातून एक आशा निघत होती: जिथे यंत्रं, भांडवल कमी आहे तिथे गुंतवलेला नवा रुपया जास्त फळ देतो, म्हणून मागासलेला मुलूख वेगाने वाढायला हवा. १९८६ मध्ये विल्यम बॉमॉल यांनी अँगस मॅडिसन यांनी जमवलेले १८७० ते १९७९ चे १६ देशांचे आकडे तपासले आणि जाहीर केलं की होय, १८७० मध्ये जो जितका मागे होता तो तितका वेगाने वाढला. दोनच वर्षांनी ब्रॅड डीलाँग यांनी त्यातली गोम काढली. हे १६ देश निवडले कुणी? आज श्रीमंत आहेत म्हणून ज्यांचे जुने आकडे नीट जपले गेले, तेच यादीत आले होते. शर्यत संपल्यावर पदकं मिळालेल्यांनाच मोजलं, तर सगळेच जिंकले असं दिसणार. डीलाँगनी १८७० मध्ये ज्यांच्याकडून आशा होती ते देश यादीत घातले, अर्जेंटिना, चिली, पोर्तुगाल, स्पेन, आयर्लंड वगैरे. तो सुंदर निष्कर्ष जवळजवळ विरून गेला.

सुरुवातीचं साल कोणतं धरता, यावर उत्तर फिरतं. वऱ्हाडाला हे कुणी शिकवायला नको. १९५५ मध्ये फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली, तेव्हा त्यामागे एक कारण होतं शिलकी महसुलाचं. हा मुलूख स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो आणि मोठ्या राज्यात गेला तर त्याचा पैसा दुसरीकडे वळेल अशी भीती लोकांना आहे, असं आयोगाला दिसलं. म्हणजे तीस वर्षांनी ज्याला मागास ठरवलं गेलं, तो मुलूख १९५५ मध्ये देणेकरी नव्हे, देणारा म्हणून ओळखला जात होता. त्या भीतीला उत्तर म्हणून आधीच, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, नागपूर करार झाला होता. त्यात सरकारी खर्च, नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणाच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटण्याचं वचन होतं. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्येही प्रदेशवार विकास मंडळांची तरतूद आली. तरतूद आली आणि दीर्घकाळ झोपली.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने प्रादेशिक असमतोल शोधण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. नीलकंठ रथांसोबत भारतातल्या दारिद्र्याची मोजणी करून ते १९७१ मध्येच नावारूपाला आले होते. दांडेकरांनी उत्पन्नाला हातच लावला नाही. जिल्ह्याचं उत्पन्न मोजणं फार डळमळीत, म्हणून त्यांनी सरकार ज्या गोष्टी देऊ शकतं त्या घेतल्या: रस्ते, सिंचन, खेड्यांचं विद्युतीकरण, शाळा, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन विकास व मृदसंधारण, पशुवैद्यकीय सेवा. प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला जितके रुपये लागतील, तो त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात ही रक्कम निघाली ३,१८६.७८ कोटी रुपये. पैकी विदर्भ १,२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी.

शेवटचा आकडा नागपुरात अनेकांना झोंबला. पश्चिम महाराष्ट्राचाही अनुशेष, आणि तोही विदर्भाच्या जवळपास? पण पद्धत बघितली की उलगडा होतो. दांडेकरांची फूटपट्टी जिल्ह्याला लावायची होती, प्रदेशाला नव्हे. एखाद्या प्रदेशातले चार जिल्हे सरासरीच्या खूप वर असले तरी पाचवा खाली असेल तर त्याचा खड्डा स्वतंत्रपणे मोजला जाई. कोकणातले आणि दुष्काळी पट्ट्यातले जिल्हे त्यामुळे हिशोबात आले. तर्क बिनतोड होता. राजकारणाला मात्र प्रदेश कळतो, जिल्हा कळत नाही. माझ्या मते दांडेकरांचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच ते कुणाच्याच सोयीचं नव्हतं.

विधानसभेने २६ जुलै १९८४ रोजी विकास मंडळांचा ठराव केला. मंडळं स्थापन झाली ती १९९४ मध्ये. मग राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर नव्याने हिशोब मांडला. दहा वर्षं अनुशेष भरून काढल्यावर बेरीज आली १४,००६.७७ कोटी. विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी.

हे दोन आकडे शेजारी ठेवून चारपट झालं म्हणून ओरडणं सोपं, पण ते अप्रामाणिक ठरेल. दहा वर्षांत रुपया घसरला होता, निर्देशांकही तेच राहिले नव्हते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरासरीच पुढे सरकली होती. मागचा जिल्हा दोन पावलं चालला आणि पुढचा चार, की सरासरी वर जाते आणि मागच्याचा खड्डा आधीपेक्षा खोल दिसतो. बेरीज बाजूला ठेवून वाटा पाहावा, कारण त्यात रुपयाची किंमत उरत नाही. विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला होता. उर्वरित महाराष्ट्राचा ३७ वरून २४ वर आला होता. हर्डनी धान्याच्या भावाला लावलेली कसोटी इथे लावली तर उत्तर उलटं येतं: महाराष्ट्राचे तुकडे एकमेकांपासून दूर जात होते.

त्यानंतर राज्यपालांचे निर्देश निघाले, निधीवाटपाचं सूत्र ठरलं, आणि कालांतराने आर्थिक अनुशेष संपल्याचं कागदावर दिसू लागलं. मात्र अमरावती विभागातल्या काही जिल्ह्यांत, त्यात वाशिमही, सिंचनाचा भौतिक अनुशेष राहिलाच. ठरलेले रुपये खर्च झाले, पण धरणाची किंमत मधल्या काळात फुगल्यामुळे ठरलेले हेक्टर ओलिताखाली आले नाहीत. रुपयात मोजलं तर बरोबरी, हेक्टरात मोजलं तर नाही. एकाच शिवाराबद्दल दोन्ही विधानं खरी.

प्रादेशिक असमतोलावरच्या विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला तेव्हा दांडेकरांनी टाळलेलं उत्पन्न पुन्हा समोर आलं. विदर्भाचं दरडोई उत्पन्न उर्वरित महाराष्ट्रापेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी कमी, मराठवाड्याचं सुमारे ४० टक्क्यांनी. ही दरी किती वर्षांत बुजेल? रॉबर्ट बॅरो आणि झेवियर साला-इ-मार्टिन यांनी १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या राज्यांचे शंभरेक वर्षांचे आकडे तपासून एक प्रसिद्ध वेग काढला होता: दरी वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी भरते. ऐकायला बरं वाटतं. हिशोब केला की दरी निम्मी व्हायला ३५ वर्षं लागतात. अमेरिकेचा वेग विदर्भाला मिळाला असं धरलं, तरी २०४८ च्या सुमाराला २७ टक्क्यांची दरी साडेतेराच्या आसपास असेल.

आणि तो वेग मिळेल याची खात्री नाही. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत अरविंद सुब्रमणियन यांच्या चमूने एक चक्रावून टाकणारी गोष्ट दाखवली. २००० नंतर जगातले गरीब देश श्रीमंतांना गाठू लागले आहेत, चीनचे मागास प्रांतही पुढच्यांना गाठताहेत, पण भारतातली राज्यं एकमेकांपासून दूर जात आहेत. एका देशात, एका चलनात, विनापासपोर्ट. सीमा ओलांडायची तर देशांमध्ये कठीण. इथे तशी सीमाच नाही. तरीही.

मागे पडलेल्यांच्या यादीत वाशिमचं नाव ठळक झालं ते जानेवारी २०१८ मध्ये, केंद्र सरकारने निवडलेला ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम असे चार जिल्हे निवडले गेले. १९९८ पूर्वी हे शक्यच नव्हतं: वाशिमची तूट अकोल्याच्या सरासरीत विरघळून जायची. जिल्हा वेगळा झाला आणि खड्डा दिसू लागला. खणला मात्र आधीच गेला होता. नीती आयोग ४९ निर्देशकांवर या जिल्ह्यांना गुण देतो आणि ‘डेल्टा’ नावाची क्रमवारी लावतो. कोण कुठे आहे यापेक्षा कोण किती पुढे सरकलं, हे तिच्यात बघतात. बॅरोंचीच कल्पना, महिन्यामहिन्याला वापरलेली.

यात एक जुना सापळा आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंच्या मोजल्या. अतिउंच आईबापांची मुलं त्यांच्याहून थोडी बुटकी आणि बुटक्यांची थोडी उंच निघत होती, पण समाजातल्या उंचीचा पसारा पिढीगणिक कमी होत नव्हता. टोकाचं काहीही पुढच्या खेपेला मध्याकडे सरकतं, एवढंच. १९९३ मध्ये डॅनी क्वाह यांनी दाखवलं की देशांच्या उत्पन्नाबाबत अनेकजण नेमकी हीच चूक करतात. एखाद्या वाईट सालातल्या आकड्यावरून तळाचे जिल्हे निवडले, तर पुढच्या साली त्यातले बरेच सुधारलेले दिसणारच; पाऊस बरा झाला तरी गुण वाढतात. वाशिमची सगळी सुधारणा अशीच आहे असं नव्हे. लसीकरण, शाळेतली हजेरी यांसाठी घेतलेली मेहनत खरी असते. पण मेहनत किती आणि मध्याकडे आपोआप सरकणं किती, हे क्रमवारी सांगत नाही.

जिल्ह्याचं उत्पन्न काढण्याच्या पद्धतीत आणखी एक मेख आहे, आणि मानोऱ्यासारख्या तालुक्याला ती जास्त लागते. माल किंवा सेवा जिथे तयार होते तिथे तिची किंमत धरतात. तांड्यावरचा माणूस सहा महिने पुण्याला बांधकामावर गेला, तर त्याच्या श्रमाची किंमत पुणे जिल्ह्याच्या खात्यात जमा होते. त्याने घरी पाठवलेल्या पैशावर कारंज्याच्या बाजारातून पत्रे, सिमेंट, सोयाबीनचं बियाणं येतं, मुलीची फी भरली जाते, तरी वाशिमच्या दरडोई उत्पन्नात तो पैसा दिसत नाही. शिवाय जनगणनेत त्याचं नाव गावीच लागलं असेल तर भागाकारात मात्र तो वाशिमचाच.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कारंजा तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला. या रस्त्याने भाव जवळ येतील की उत्पन्नं, हे आता तालुकावार आकडे ठेवले तर पुढच्या दांडेकरांना तपासता येईल. राज्याची आर्थिक पाहणी अजून जिल्ह्याशीच थांबते.